चाळीस सेकंदांचं ऊन

आमच्या लेडीज हॉस्टेलच्या गेटवर एक लांबलचक वही असते. नाव, रूम नंबर, जाण्याची वेळ, येण्याची वेळ आणि शेवटचा रकाना 'कारण'. पहिले चार रकाने सगळ्या जणी खरे भरतात, पाचव्यात मात्र प्रत्येकीची प्रतिभा बहरते. कुणाची झेरॉक्स, कुणाची दाढ, तर कुणाची मावशी आलेली असते. एका मावशीने तर या सेमिस्टरला अकरा फेऱ्या मारल्या आहेत! मी मात्र गेले आठ महिने सोमवार, बुधवार, शुक्रवार एकच कारण लिहिते, आणि तेही खरं. 'यूव्ही थेरपी.'

मागच्या महिन्यात माझ्या मागे उभी असलेली एक ज्युनिअर ते वाचून एकदम खूश झाली. "वॉव ताई, टॅनिंग? आपल्या गावात पण सुरू झालं?" मी हसले. पण त्याच आठवड्यात सबमिशन सुरू झालं म्हणून आउट-पास बंद झाले. मी विचारायला गेले तर रेक्टर मॅडम म्हणाल्या, "ते पार्लरचं काम रविवारी नाही का गं उरकता येत?" तेव्हा मात्र हसू आलं नाही. रविवारी दवाखाना बंद असतो हे सांगायचंही सुचलं नाही. पुढे पुढे करत तब्बल बारा दिवस माझी एकही फेरी झाली नाही, आणि त्याची किंमत काय पडली ते पुढे सांगतेच.

मॅडमवर माझा राग नाही. 'अल्ट्राव्हायोलेट' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दोनच चित्रं येतात. एक म्हणजे पाणी शुद्ध करायचं मशीन आणि दुसरं म्हणजे इंग्रजी सिनेमात निळ्या पेटीत गॉगल लावून झोपलेली बाई. तिसरं चित्र कुणी पाहिलेलंच नाही. म्हणून हा लेखनप्रपंच. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं : टॅनिंग बेड आणि उपचाराचा प्रकाश यांत वापरलेली नळी बहिणी-बहिणींसारखी असली, तरी त्या दोन गोष्टी एक नव्हेत. फरक तरंगलांबीत आहे, मोजमापात आहे आणि सगळ्यात जास्त, जबाबदारी कोणाची यात आहे.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मला कोड आहे. आपल्या कॉलेजात 'कोड' म्हटलं की सगळ्यांना सी प्लस प्लस आठवतं, पण मी म्हणतेय ते पांढरे डागवालं कोड. दोन्ही कोपरांवर, मानेवर आणि हाताच्या बोटांवर. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला आधी 'व्हिटिलिगो' हाच शब्द कळला, तोही फाईलवर लिहिलेला. 'कोड' हा शब्द आजीच्या तोंडून ऐकला, दार लावून घेऊन, दबक्या आवाजात. पुढे आईने मला 'नितळ' हा २००६ सालचा मराठी चित्रपट दाखवला. तो पाहताना घरात पहिल्यांदा हा शब्द मोठ्या आवाजात बोलला गेला. असो. एवढंच लक्षात ठेवा की हे लागत नाही आणि कुष्ठरोगाशी याचा काडीचाही संबंध नाही. त्वचेला रंग देणाऱ्या ज्या पेशी असतात, मेलॅनोसाइट, त्यांच्यावर शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा उलटते, आणि तेवढी जागा पांढरी पडते.

आता थोडं इंजिनिअरिंग. आपल्या हॉस्टेलच्या व्हरांड्यात अजून दोन-तीन जुन्या ट्यूबलाइट लुकलुकत आहेत, त्यांच्याकडे एकदा नीट बघा. त्या नळीत पाऱ्याची वाफ असते. वीज गेली की ती वाफ मुख्यतः २५४ नॅनोमीटरचा अल्ट्राव्हायोलेट प्रकाश सोडते, जो डोळ्यांना दिसत नाही. आतल्या बाजूला जो पांढरा लेप दिसतो, तो फॉस्फर. तो हा प्रकाश गिळतो आणि दिसणारा प्रकाश बाहेर टाकतो. म्हणजे नळी कोणता प्रकाश देणार हे तो लेप ठरवतो, आणि त्यातला किती बाहेर येणार हे काच ठरवते.

लेप बदला, नळीचा धर्मच बदलतो. लेप काढून टाकून खास काच वापरली तर थेट २५४ नॅनोमीटर बाहेर येतो. हा यूव्हीसी, जंतू मारणारा. शिसं मिसळलेल्या बेरियम सिलिकेटचा लेप दिला तर साधारण ३५० नॅनोमीटरच्या आसपासचा यूव्हीए मिळतो. टॅनिंग बेडच्या नळ्यांत असाच लेप वापरतात. आणि गॅडोलिनियम असलेला लेप दिला तर ३११ नॅनोमीटरच्या आसपास एक अरुंद, टोकदार शिखर मिळतं. हा नॅरोबँड यूव्हीबी, माझ्या उपचाराचा. या नळीचं प्रसिद्ध नाव टीएल-०१. तिन्ही नळ्या होल्डरला लावल्या की साधारण सारख्याच दिसतात, आणि सगळा घोटाळा इथेच सुरू होतो.

३११ हाच आकडा का? तो कोणी पत्रिका बघून काढलेला नाही. प्रकाशाने त्वचारोग बरे करायचा प्रयत्न जुना आहे. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनला १९०३ सालचं नोबेल मिळालं ते त्वचेच्या क्षयावर कार्बन आर्कच्या प्रकाशाने केलेल्या उपचारासाठी. पण नेमकी कोणती तरंगलांबी कामाची, हे कळायला १९८१ उजाडलं. त्या वर्षी पॅरिश आणि येनिके यांनी सोरायसिसच्या रुग्णांवर एकेक तरंगलांबी स्वतंत्रपणे वापरून पाहिली. २९० नॅनोमीटर आणि त्याखालच्या किरणांनी त्वचा लाल झाली, भाजली, पण रोग हलला नाही. गुण आला तो २९६ ते ३१३ या पट्ट्यात. म्हणजे भाजणं आणि बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत! मग भाजणारा भाग टाळून बरा करणारा भाग तेवढा देणारी नळी बनवली गेली. आधी ती सोरायसिससाठी वापरली, आणि १९९७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी ती कोडावरही चालते असं दाखवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर हा बँडपास फिल्टर आहे. सिग्नल घ्यायचा, नॉइज गाळायचा.

टॅनिंग बेडचं गणित याच्या उलट आहे. तो बनवला आहे रंग चढवायला. दोन झाकणांचा सँडविच टोस्टर असतो ना, तसा त्याचा आकार. फक्त ब्रेडच्या जागी गिऱ्हाईक. १९७० च्या दशकात जर्मनीच्या फ्रीडरिश वोल्फने हा धंदा उभा केला आणि त्या दशकाच्या अखेरीस तो अमेरिकेत पोचला. तेव्हा जाहिरातीचा सूर असा, की यूव्हीबीने भाजतं, आम्ही तर मुख्यतः यूव्हीए देतो, म्हणजे हे सुरक्षित. यूव्हीएने त्वचा चटकन लाल होत नाही हे खरंच आहे. पण लाल न होणं म्हणजे इजा न होणं नव्हे. यूव्हीए त्वचेत यूव्हीबीपेक्षा खोल शिरतो. मोठ्या शक्तिशाली बेडमधला यूव्हीए भर दुपारच्या उन्हातल्या यूव्हीएच्या दहा ते पंधरा पट असू शकतो. आणि मुळात 'टॅन' म्हणजे काय? पेशींच्या डीएनएला इजा झाली की त्वचा घाबरून मेलॅनिनची छत्री उघडते, तो टॅन. म्हणजे तिकडे लोक ज्याला 'हेल्दी ग्लो' म्हणतात तो खरं तर फायर अलार्म आहे. आणि अलार्म सुरेल वाजतोय म्हणून आपण पैसे देऊन रोज आग लावून घ्यायची!

२००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टॅनिंगची उपकरणं पहिल्या गटात टाकली. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस ज्या गटात आहेत, त्याच गटात. याच संस्थेच्या २००६ च्या अहवालात, पस्तिशीच्या आत टॅनिंग बेड सुरू करणाऱ्यांत मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचा धोका ७५ टक्क्यांनी जास्त दिसला होता. नंतर आणखी अभ्यास मिळवल्यावर आकडा थोडा खाली आला, पण धोका काही पुसला गेला नाही. हे अभ्यास मुख्यतः गोऱ्या कातडीच्या लोकांवरचे आहेत, हेही सांगायला हवं. ऑस्ट्रेलियात क्लेअर ऑलिव्हर नावाची तरुणी २००७ मध्ये मेलॅनोमाने गेली. तिचा सव्विसावा वाढदिवस होऊन काही आठवडेच झाले होते. शेवटच्या दिवसांत तिने टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांत येऊन सांगितलं, की माझ्यासारखं करू नका. आज ऑस्ट्रेलियात पैसे घेऊन टॅनिंग बेड चालवायला पूर्ण बंदी आहे. ब्राझीलने तर ती २००९ मध्येच घातली होती.

आता एक गंमत बघा. ब्राझीलची बंदी आहे ती सौंदर्यासाठी वापरण्यावर. दवाखान्यातल्या उपचाराच्या यंत्रांना ती लागू नाही. अमेरिकेने २०१० मध्ये टॅनिंगवर दहा टक्के कर लावला, तेव्हाही परवानाधारक वैद्यकीय व्यावसायिकाने आपल्या जागेत दिलेला प्रकाशोपचार त्यातून वगळला. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही हा फरक कळला. तो आपल्या गेटवरच्या वहीला कळायला हरकत नसावी!

कोडाच्या बाबतीत तर हा फरक आरशात दिसतो. पांढऱ्या डागात रंगपेशी नसतात, मग ती जागा टॅन होणार तरी कशी? टॅनिंग बेडमध्ये झोपलं तर आजूबाजूची चांगली त्वचा आणखी काळवंडते आणि डाग आधीपेक्षा उठून दिसतो. वर डागाला छत्रीच नाही, त्यामुळे तोच आधी भाजतो. म्हणजे दिवाळं दोन्हीकडून. नॅरोबँड यूव्हीबी मात्र एकीकडे उलटलेल्या प्रतिकारयंत्रणेला जरा शांत करतो आणि दुसरीकडे केसांच्या मुळाशी दडून राहिलेल्या रंगपेशींना जागं करतो. त्या तिथून हळूहळू वर येतात. म्हणून रंग सगळीकडून एकदम येत नाही, तर केसाकेसाभोवती तपकिरी ठिपके उगवतात, मग ते एकमेकांना मिळतात. माझ्या उजव्या कोपरावर पहिला ठिपका दिसला तो अकराव्या आठवड्यात. मी आधी ती शाई समजून साबणाने घासली होती! बोटांवर मात्र अजून काही नाही. तिथे केस कमी, म्हणून तिथे गुण यायला फार कठीण, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. सलूनवाला असं कधी सांगेल का?

आता मोजमापाकडे येऊ. हा भाग आपल्या लोकांना आवडेल. डोस म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. समजा कॅबिनमधली तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट आहे आणि डॉक्टरांनी दर चौरस सेंटिमीटरला २०० मिलिज्यूल सांगितले आहेत. २०० भागिले ५, म्हणजे ४० सेकंद. बस्स, चाळीस सेकंद! पहिल्या दिवशी मी दोन बस बदलून गेले, तासभर बसले, आणि चाळीस सेकंदांत बाहेर आले तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं होतं. पुढच्या वेळी दहा टक्के वाढ, २२० मिलिज्यूल, ४४ सेकंद. प्रत्येक वेळी आधी सिस्टर विचारतात, की मागच्या वेळी किती तास लाली राहिली? एका दिवसात गेली तर पुढे जायचं, रेंगाळली तर थांबायचं. आहे ना क्लोज्ड लूप कंट्रोल? फीडबॅकसकट!

आता नळ्या जुन्या झाल्या की त्यांची तीव्रता उतरते, म्हणून मीटर लावून ती पुन्हापुन्हा मोजावी लागते. समजा नळ्या बदलल्या आणि ५ च्या जागी ८ मिलिवॅट यायला लागले, पण टायमर कुणी बदलला नाही. त्याच ४० सेकंदांत आता ३२० मिलिज्यूल मिळतात. डोस साठ टक्क्यांनी वाढला आणि घड्याळ म्हणतंय सगळं तेच आहे. दवाखान्यात हे मीटरने पकडलं जातं आणि डॉक्टर त्याला जबाबदार असतात. टॅनिंग सलूनमध्ये तुम्ही पैसे मोजता ते मिनिटांचे, आणि किती शेकलं की थांबायचं हे ठरवतं ते गिऱ्हाइकाला हवा असलेला रंग. तिथे डोस हा माल आहे. इथे डोस हा खर्च आहे, कमीत कमी करायचा.

आणि आता त्या बारा दिवसांची किंमत. माझ्या फाईलवर खंड पडण्याचा तक्ताच लावलेला आहे. आठवडाभरापर्यंत खंड पडला तर डोस आहे तिथेच ठेवायचा. आठ ते चौदा दिवसांचा पडला तर एक चतुर्थांश कमी करायचा. तीन आठवड्यांच्या वर गेला तर पुन्हा श्रीगणेशा. माझे बारा दिवस झाले. म्हणजे जवळजवळ तीन फेऱ्यांमध्ये चढलेला जिना मी एका सबमिशनमध्ये उतरले. पार्लरचं काम रविवारी उरकता येतं, मॅडम. हे नाही येत.

"पण उपचाराचा प्रकाश तरी कुठे धुतल्या तांदळासारखा आहे?" असं कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं. नाहीच आहे. नॅरोबँडच्या आधी 'पूवा' नावाचा उपचार जोरात होता. सोरॅलेन नावाचं औषध घ्यायचं आणि मग यूव्हीए. आपल्याला हे अगदीच परकं नाही. सोरॅलेन हे नाव ज्या कुळावरून पडलं त्यातलीच आपली बावची. कोडावर बावची लावून उन्हात बसायचं हा आपल्याकडचा फार जुना उपाय. इजिप्तमध्येही अशीच एक वनस्पती होती, आणि १९४० च्या दशकात कैरोच्या डॉ. एल मोफ्ती यांनी तिच्यातलं सोरॅलेन शुद्ध रूपात कोडाच्या रुग्णांना देऊन पाहिलं. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत पूवा सुरू झाल्यावर १,३८० रुग्णांची नोंद ठेवून वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा केला गेला. त्यातून दिसलं की जास्त उपचार घेतलेल्यांत त्वचेचे कर्करोग वाढतात. १९९७ मध्ये मेलॅनोमाचाही इशारा प्रसिद्ध झाला. तो इशारा देणारे कोण? डॉक्टरच! स्वतःच्या उपचाराविरुद्धचा पुरावा त्यांनी स्वतः मोजला, छापला आणि पूवा जपून वापरायला सुरुवात केली. नॅरोबँडचंही असंच मोजमाप चालू आहे. स्कॉटलंडमधल्या ३,८६७ रुग्णांच्या २००८ च्या अभ्यासात त्वचेच्या कर्करोगाशी ठळक संबंध दिसला नाही, तरी माझ्या फाईलवर एकूण फेऱ्यांचा आकडा लिहिलेला असतोच. आणि सलूनवाल्यांनी काय केलं? २०१० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांच्या संघटनेवर, टॅनिंग सुरक्षित आणि आरोग्यदायी असल्याच्या खोट्या प्रचारासाठी कारवाई केली. एकाने नुकसान मोजलं, दुसऱ्याने झाकलं. मला वाटतं, औषध आणि माल यांतला फरक इथेच कळतो.

दुसरा आक्षेप मात्र मला खरंच निरुत्तर करतो. माझा मावसभाऊ अमेरिकेत एम.एस. करतोय. तो फोनवर म्हणाला, "अगं, इथे डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळायला महिने लागतात, इन्शुरन्सची कटकट वेगळीच. टॅनिंग सलून मात्र मॉलमध्ये, महिन्याचा पास काढायचा की झालं. यूव्हीच ना शेवटी!" तिकडे सोरायसिसचे काही रुग्ण खरोखर असं करतात, दवाखाना लांब किंवा महाग म्हणून. आणि काहींना थोडाफार गुणही येतो, कारण त्या नळ्यांत थोडासा यूव्हीबी असतोच. त्या लोकांना मी मूर्ख म्हणणार नाही. दोन बस बदलून जाणाऱ्या मुलीने तर मुळीच म्हणू नये. पण ती दवाखान्याच्या अंतराची चूक आहे, सलूनचा गुण नव्हे. कुणी सोरॅलेनच्या गोळ्या घेत असताना अशा पेटीत शिरला तर गंभीर भाजू शकतो, आणि तसे प्रकार घडलेलेही आहेत. सलूनच्या काउंटरवर 'कोणतं औषध चालू आहे' हे कोण विचारणार?

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठे आहेत टॅनिंग बेड? आपल्याकडे तर सगळे गोरं व्हायच्या मागे! खरं आहे. तिकडे पैसे देऊन काळं व्हायचं, इकडे पैसे देऊन गोरं व्हायचं. मला यातलं काहीच नको, मला फक्त माझा रंग परत हवाय. पण टॅनिंग बेडच्या मागची वृत्ती, 'यूव्हीच ना शेवटी', ती आपल्या हॉस्टेलवर पण आहे. आणि याला पुरावा मी स्वतः.

मागच्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपमधल्या इलेक्ट्रिकलच्या दोघांनी माझ्या फेऱ्या वाचवायचा चंग बांधला. "चार ट्यूब, एक चोक, एक टायमर. यात काय रॉकेट सायन्स आहे? मिनी प्रोजेक्ट पण होऊन जाईल!" मी हो म्हणाले. अगदी आनंदाने म्हणाले, कारण दर फेरीला अर्धा दिवस जातो आणि अटेंडन्स कुणाला सांगायचा? ट्यूब ऑनलाइन मागवली. खोक्यावर नुसतं 'यूव्ही' लिहिलेलं. रूमवर लावून बघितली, छान निळसर उजेड. दहा-पंधरा मिनिटं दोघं तिच्यासमोर बसून जोडणी तपासत होते. मी नेमकी त्या दिवशी जर्नल पूर्ण करत बसले होते म्हणून वाचले. रात्री दोनला एकाचा फोन आला, "डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय, उघडतच नाहीयेत." ती नळी २५४ नॅनोमीटरची होती, जंतू मारणारी. करोनाच्या वर्षांत अशा नळ्यांचा सुळसुळाट झाला, त्यातलीच. डोळ्यांच्या डॉक्टरांनी औषध दिलं, दोन दिवसांत दोघंही ठणठणीत झाले. पण ते दोन दिवस मला झोप नव्हती. आणि समजा डोळ्यांना काहीच झालं नसतं, तर? दुसऱ्या दिवशी त्या नळीसमोर मी उभी राहिले असते, छत्री नसलेली त्वचा घेऊन, 'चाळीस सेकंद' मोजत. आम्ही तिघांनी वॅट बघितले, व्होल्ट बघितले, किंमत बघितली. नॅनोमीटर कुणीच बघितला नाही. आणि म्हणे आम्ही इंजिनिअर!

तेव्हापासून मला टॅनिंग बेडवाल्यांना हसायचा हक्क उरलेला नाही. चूक तीच होती, फक्त आमची पेटी स्वस्तातली.

म्हणून या पानावरून तीन विनंत्या. पहिली मित्र-मैत्रिणींना. कुणी पांढऱ्या डागांवर, सोरायसिसवर प्रकाशाचा उपचार घेत असेल तर त्याला 'टॅनिंग' म्हणू नका, आणि नुसतं 'यूव्ही' लिहिलेला दिवा अंगावर घेऊ नका. बावचीचं तेल लावून उन्हातही बसू नका, आजीने प्रेमाने सांगितलं तरी. फोड आल्यावर ते प्रेम फार चुरचुरतं, स्वानुभव आहे. दुसरी, प्रोजेक्ट शोधणाऱ्यांना. दिवा बनवू नका, मीटर बनवा. ३११ नॅनोमीटरला खात्रीने मोजणारा, स्वस्त, लहान दवाखान्याला परवडणारा. नळीचं वय मोजून टायमरला सांगणारा. तेवढं झालं तर दवाखाने गावोगाव निघतील, आणि कुणाला ना सलूनमध्ये जावं लागेल ना दोन बस बदलाव्या लागतील. ज्या दोघांचे डोळे सुजले होते त्यांनी हाच विषय घेतलाय, आणि या वेळी गाईडना आधी विचारलंय!

तिसरी विनंती रेक्टर मॅडमना. सबमिशनच्या आठवड्यात आउट-पास बंद करा, जरूर करा. मावश्यांच्या फेऱ्याही थांबवा. पण ज्या मुलीकडे डॉक्टरांचा तक्ता आहे, तिला तिच्या वारांचा एक कायमचा पास द्या. माझ्यासाठीच नाही, पुढच्या वर्षी पहिल्या वर्षाला येणाऱ्या त्या मुलीसाठी, जी कदाचित पूर्ण बाह्यांचा कुडता घालून येईल आणि कारणाच्या रकान्यात 'झेरॉक्स' लिहील, कारण खरं लिहायची तिला लाज वाटत असेल.

मी स्वतः या सोमवारपासून त्या रकान्यात 'यूव्ही थेरपी' लिहिणं बंद केलंय. सरळ लिहिते, 'कोडावरचे औषधोपचार'. पहिल्या दिवशी हात जरा थरथरला. वॉचमनकाकांनी वाचलं, वर बघितलं आणि म्हणाले, "सावकाश जा बेटा, सव्वाची बस अजून यायचीय."

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स)